नऊ मुके टीव्ही आणि एक चिमणी

इंदापुरातल्या आमच्या कंट्रोल रूममध्ये नऊ टीव्ही होते आणि त्यांतल्या एकाचाही आवाज चालू नसायचा. कंट्रोल रूम हे नाव केबलवाल्यांनी दिलेलं. खरं तर ती बाजारपेठेतल्या एका सलूनच्या वरची लहानशी खोली होती. गच्चीवर दोन डिश, खोलीत लोखंडी मांडणी, मांडणीवर रिसीव्हर आणि समोरच्या फळीवर ओळीनं ठेवलेले छोटे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. डिशवर आलेलं प्रत्येक चॅनेल आधी रिसीव्हरमध्ये उतरायचं. तिथून चित्राची एक वायर आणि आवाजाची एक वायर निघून पुढच्या पेटीत जायची, आणि मग सगळी चॅनेलं एका जाड काळ्या केबलीतून गावभर आणि पुढं पार बावड्यापर्यंत निघायची. मी टीव्हींसमोर बसून गावात काय जातंय ते बघायचे. नऊ आवाज एकदम लावले तर डोकं उठायचं, म्हणून सगळ्यांचे आवाज बंद ठेवायची पद्धत होती.

त्यामुळे चित्र गेलं की मला दिसायचं, पण आवाज गेला तर मलाच गावात सगळ्यांत शेवटी कळायचं.

नव्वदीचं दशक अर्धं उलटलं होतं. बारामतीत इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी वर्षभर सांगवीला घरी बसले होते. आमच्या वर्गात मुली चार, आणि नोकऱ्या मागायला गेलं की लोक विचारायचे, टायपिंग येतं का. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यांनीच कुठून तरी ऐकलं की बारामतीतल्या एका केबलवाल्यानं इंदापुरात नवी जोडणी घेतलीय आणि त्याला माणूस पाहिजे. आम्ही दोघं त्या केबलवाल्यांच्या दुकानात गेलो. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. तात्यांनी माझी मार्कशीट उलटी धरून बघितली, सुलटी करून बघितली आणि एकच प्रश्न विचारला.

"गच्चीवर चढशील का?"

"चढेन."

"मग इंदापूरला जा. तितला गडी परवाच्याला सोडून गेलाय."

इंदापुरात माझी आत्या पंचायत समितीत नोकरीला होती, एकटीच राहायची. वडिलांनी त्याच दिवशी मला तिच्याकडं नेऊन सोडलं. आत्या म्हणाली, "बरं झालं. मला बी कुणी तरी बोलायला लागतंच."

पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी सगळ्या गावाची लाडकी मालिका मुकी झाली. पडद्यावर सासू हात नाचवत होती, सून रडत होती, आणि मी बघून मनात म्हणत होते, आज चित्र काय सुरेख आलंय. तेवढ्यात जमिनीतून दाणकन आवाज आला. मी उडालेच. पुन्हा दाणकन. कुणीतरी खालून छताला ठोकत होतं. मी जिन्यात गेले तर सलूनवाले काका दारात उभे, हातात शटर ओढायची लांब आकडी.

"ताई, बाया मुक्या झाल्यात," ते म्हणाले.

मी पळत वर गेले. आवाजाची वायर ढिली होती, दाबून बसवली. तोवर फोन सुरू झाले होते. दीडएक तास मी फोनवर एकच वाक्य बोलत होते, आला का, आला का, आता आला का.

काका पन्नाशीचे होते, मूळचे बावड्याचे. भाऊबंदांबरोबरची थोडी जमीन तिकडं होती आणि सलून इथं. त्यांच्या सलूनमध्ये आरशाच्या वर आमच्याच केबलचा टीव्ही. दिवसभर चालू. आमची गाठ जिन्याच्या तोंडाशीच पडायची, कारण बायकामाणसानं सलूनच्या दारात उभं राहायची तेव्हा रीत नव्हती. मी एकदा त्यांना म्हटलं, "काका, आवाज गेलेला तुम्हाला इतक्या लवकर कसा कळतो? तुम्ही तर कामात असता."

"माझं डोळं गिऱ्हाइकाच्या गळ्यावर," ते म्हणाले. "टीव्ही मी कानानंच बघतो. ह्या डब्यातली मानसं दिसायला कशी हायत ते मला आजून ठाऊक न्हाय."

मग आमची भाषाच ठरून गेली. आकडीचा एक ठोका म्हणजे आवाज गेला. दोन ठोके म्हणजे आवाजात घरघर आहे. तीन ठोके म्हणजे काय तरी भलतंच झालंय, खाली या. एका महिन्यात मी घड्याळाकडं कमी आणि जमिनीकडं जास्त लक्ष द्यायला लागले.

हे मला सुरुवातीला बरं वाटलं आणि मग खटकायला लागलं. डिप्लोमा मी केला, पगार मी घ्यायचा, आणि बिघाड शोधायचा सलूनवाल्या काकांनी. सोमवारी तर सलून बंद असायचं. दर सोमवारी मी देवावर भरवसा न ठेवणाऱ्या घरातली मुलगी असून सकाळी खुर्चीत बसताना हात जोडायचे.

तेव्हा मी ठरवलं की आवाज गेला की आपोआप वाजेल असं काहीतरी बनवायचं. मोठ्या टीव्ही केंद्रांवर अशी यंत्रं असतात एवढं पुस्तकात वाचलं होतं. आमच्याकडं कोण आणून देणार? सुट्टीला बारामतीला गेले आणि रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून लागणारं सामान पिशवीभर आणलं. बनवताना डोळ्यासमोर मी रांजण धरला होता. तळाला बारीक भोक असलेला रांजण. आवाज येतोय तोवर रांजणात पाणी पडत राहतं. आवाज थांबला की पाणी भोकातून गळायला लागतं. मधेच आवाज आला तर पुन्हा भरतो. नाही आला तर रिकामा होतो, आणि रिकामा झाला की घंटी. प्रत्येक चॅनेलला एक रांजण, एक हिरवा दिवा, एक लाल दिवा. घंटी मात्र सगळ्यांत मिळून एकच.

घंटी म्हणून मी दारावरची बेल लावली. त्या वर्षांत घरोघरी चिमणीच्या आवाजाची बेल निघाली होती, बटण दाबलं की चिव चिव करणारी. आत्याच्या दारावर तीच होती, आणि आत्याला तिचा कंटाळा आला होता.

चिमणी चालू झाली त्या दिवशी मी पेढे आणायच्या बेतात होते. पाच सेकंद शांतता झाली की वाजायची. दुपारी टेनिसचा सामना लागला. टेनिसमध्ये चेंडू मारायच्या आधी सगळं मैदान चिडीचूप होतं, हे मला माहीत नव्हतं. चिमणी दर मिनिटाला वाजायला लागली. बहिऱ्यांसाठीच्या बातम्यांना वाजली. एका मालिकेत सासरा मरायला टेकला होता, तो एक शब्द बोलायचा आणि थांबायचा, तेव्हा तर चिमणीचा घसा बसायची वेळ आली.

संध्याकाळी काका जिन्याशी म्हणाले, "ताई, वर चिमणी कोंडलीय का? खिडकी उघडा. मरंल बिचारी."

मी रांजण मोठे केले. वीस सेकंद. आता टेनिसला चिमणी गप्प बसली, पण खरोखर आवाज गेला तेव्हा आधी आकडी वाजली आणि चिमणी मागाहून. मला ते फार लागलं. मग एका दुपारी मी जाणूनबुजून एक वायर काढली आणि मनगटावरचं घड्याळ बघत बसले. काकांना आवाज गेल्याचं कळायचं, वस्तरा गळ्यावरून उचलायचा, पुसून ठेवायचा, कोपऱ्यातली आकडी घ्यायची आणि ठोकायचं. बारा सेकंद. मी चिमणी दहावर आणली.

दुसऱ्या दिवशी मालिकेचा आवाज गेला. चिमणी वाजली. मी वायर दाबली. खालून ठोका आलाच नाही. जिन्यात काकांची गाठ पडली तेव्हा ते म्हणाले, "आज आकडीला हात लावला आन तुमची चिमणी बोलली. मी आकडी तशीच ठिवली." हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की मलाच चोरट्यासारखं झालं. घड्याळ लावून मोजल्याचं मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

घरघर मात्र चिमणीला कळायची नाही. तिच्या लेखी घरघर हाही आवाजच. त्यामुळे दोन ठोक्यांचं काम काकांकडंच राहिलं, आणि आमचं बरं चाललं. तीन-चार महिने गावातून तक्रारीचा फोन जवळजवळ नाही. तात्या बारामतीहून आले की खोलीत उभे राहून हिरव्या दिव्यांची ओळ बघायचे आणि बरोबर कुणी असेल त्याला सांगायचे, "हे आमच्या पोरीनं केलंय."

मग तो रविवार आला.

आमचं स्वतःचं एक लोकल चॅनेल होतं. व्हीसीआरला कॅसेट लावायची आणि सोडून द्यायची. लग्नं, शाळांची गॅदरिंग, दुकानांच्या जाहिराती. त्या रविवारी दुपारी ऊस लागवडीवरची कॅसेट लावायची होती. शेतीखात्यातले एक साहेब होते, निवृत्तीला आलेले. बेण्याची टिपरी कशी लावायची, कोंब फुटणारे तिचे डोळे कुठल्या बाजूला ठेवायचे, हेच ते गावोगाव सभा घेऊन सांगत फिरायचे. त्यांचं बावड्याच्या एका रानात शूटिंग केलं होतं. त्याच वेळी दुसऱ्या चॅनेलवर हिंदी सिनेमा होता, प्रेमाचा, रडका, बायकांनी आठवडाभर वाट बघितलेला.

सकाळी या दोन चॅनेलांच्या चिमणीच्या जोडण्या ढिल्या वाटल्या म्हणून मी त्यांच्या आवाजाच्या वायरी काढून सोल्डरिंगचे डाग दिले. वायरी सगळ्या काळ्या. परत लावल्या, दोन्ही हिरवे दिवे लागले, मी हात धुऊन डबा खाल्ला.

एक वाजता सिनेमा सुरू झाला आणि ऊसही सुरू झाला. पडद्यावर नायिका बागेत उभी, शेजारच्या पडद्यावर साहेब सरीत उभे. नऊच्या नऊ दिवे हिरवे. चिमणी गप्प. फोन गप्प. आकडी गप्प. मी पाय वर घेऊन बसले. नोकरी लागल्यापासून इतका निवांत रविवार मला मिळाला नव्हता.

थोड्या वेळानं खालून हसणं ऐकू यायला लागलं. एकदोघांचं नाही, सगळ्या सलूनचं. थांबायचं आणि पुन्हा उसळायचं. मग समोरच्या कापडदुकानातून. मग कुठल्या तरी घरातून. सिनेमात तर नायिका डोळ्यांत पाणी आणून उभी होती. मला वाटलं बाजारात काही तरी झालं असेल. खिडकीतून बघितलं तर रस्ता मोकळा.

फोन वाजला. शेजारच्यांच्या घरातून आत्या बोलत होती, आणि तिला बोलता येत नव्हतं.

"अगं, हात लावू नगस," ती कशीबशी म्हणाली.

"कशाला?"

"आमी सगळ्या हितं जमलोय. सोळाजणी हायत. तू काय बी दुरुस्त करू नगस."

"आत्या, काय दुरुस्त करायचंय? सगळं तर चांगलं आहे."

पलीकडून आत्या म्हणाली, "तुला ठाऊकच न्हाय व्हय?" आणि तिनं फोन ठेवला नाही, तो तिच्या हातातून पडला असावा.

मी सिनेमाच्या टीव्हीचं बटण फिरवलं. नायकानं नायिकेची हनुवटी वर उचलली होती. तिनं पापण्या मिटल्या. आणि साहेबांचा संथ, शाळामास्तरी आवाज आला, "डोळे दोन्ही बाजूंना येतील असं बघावं. एक डोळा खाली राहिला की तो मातीत कुजतो. हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही." नायक तिच्याकडं एकटक बघत होता. "बेणं निवडताना घाई करू नये. रसरशीत, जाड, निरोगी बेणं घ्यावं." तेवढ्यात दार उघडून तिचा बाप आत आला, हातात बंदूक. "हुमणीची अळी दिसली," साहेब म्हणाले, "की लगेच बंदोबस्त करावा."

मी दुसरा टीव्ही लावला. साहेब सरीत वाकले होते. त्यांनी उसाची एक टिपरी उचलली, प्रेमानं तिच्यावरची माती झटकली आणि कॅमेऱ्याकडं बघून सिनेमातल्या नायकाच्या घोगऱ्या आवाजात हिंदीतून तिला सांगितलं की तुझ्यावाचून मी जगू शकणार नाही.

दोन्ही वायरी मीच एकीच्या जागी दुसरी लावल्या होत्या. पाऊण तास झाला होता. पाऊण तासात एक तक्रार नाही, कारण कुणालाच तक्रार करायची नव्हती. आणि चिमणी गप्प, कारण तिच्या दृष्टीनं सगळं ठीक होतं. आवाज होता. कुणाचा होता हे तिला कोण सांगणार? मी वायरींना हात घातला आणि खरं सांगते, लगेच काढल्या नाहीत. साहेब टिपरी सरीत ठेवून तिच्यावर हलक्या हातानं माती लोटत होते आणि नायक तिची माफी मागत होता. तेवढं होऊ दिलं. मग वायरी बदलल्या.

बदलल्या आणि खालून तीन ठोके आले. जोरात.

मी खाली गेले. जिन्याशी कुणी नव्हतं, काका आत होते, म्हणून पहिल्यांदाच मी सलूनच्या दारापर्यंत गेले. बाकावर पाचसहा माणसं, डोळे पुसत बसलेली. खुर्चीत एकजण अर्ध्या गालाला साबण लावलेला. काका वस्तरा हातात धरून रागानं लाल.

"ताई, चांगलं ऊसाचं सांगत हुतं," ते म्हणाले. "बेण्याला औषध कसं लावायचं तिथवर आलं आन मधीच पिच्चर घातला तुमी. मला आवंदा लागण करायचीय."

मला क्षणभर समजेना. मग लक्षात आलं. काका कानानं टीव्ही बघत होते. कुणीतरी लोकल चॅनेल लावलंय असं समजून ते पाऊण तास मन लावून ऊस ऐकत होते.

"काका, पिक्चरच होता," मी म्हटलं. "पहिल्यापासून पिक्चरच होता. आवाज तेवढा उसाचा लागला होता."

त्यांनी आरशाच्या वर बघितलं, मग बाकावरच्या माणसांकडं.

"आन मी ह्यास्नी मगाधरनं शिव्या देतोय," ते म्हणाले. "म्हटलं ऊस लावण्यात हसायसारखं काय हाय? शिकलेला मानूस चार गोष्टी सांगतोय, ऐकावं तर दात काढत्यात."

खुर्चीतला माणूस म्हणाला, "मला दोन डाव सांगितलं, हसू नगं, कापंल."

आता काकांना हसू फुटलं. त्यांनी वस्तरा ठेवला, भिंतीला टेकले आणि हसत राहिले. मला म्हणाले, "म्हंजी तुमची चिमणी आन मी एकाच वर्गातली." मग बाकावरच्या एकाला उठवून त्यांनी मला बसायला जागा करून दिली, चहा मागवला आणि पाऊण तासात काय काय दिसलं ते बाकीच्यांकडून आम्ही दोघांनी पहिल्यापासून ऐकून घेतलं. इंदापुरातल्या सलूनमध्ये बसून चहा पिणारी मी बहुधा पहिलीच बाई. कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही.

घरी मात्र मला जेवण गेलं नाही. आत्या ताटं वाढताना मधेच "हुमणी" म्हणायची आणि तोंडाला पदर लावायची. मी तात्यांचा विचार करत होते. त्या साहेबांना गावात मान होता. त्यांचा सगळ्यांसमोर पोरखेळ झाला होता.

तात्या सोमवारी सकाळीच आले. बातमी बारामतीपर्यंत पोचली होती.

"काय गं, आलारम झोपला हुता का?"

मी उभी राहून सगळं सांगितलं. डाग दिले ते, काळ्या वायरी, माझा हात चुकला ते. रांजणाचंही सांगितलं. तात्यांनी ऐकून घेतलं आणि हिरव्या दिव्यांकडं बघत म्हणाले, "म्हंजी मुकं झालं तर वरडतंय, आन भलतंच बोललं तर ह्याला कळत न्हाय."

"नाही कळत."

"मग त्या साहेबांस्नी काय सांगू? मी त्यांच्या घरी जाऊन बोलवून आनलं हुतं."

त्यांचं बोलणं संपतं न संपतं तोच जिन्यावर पावलं वाजली आणि साहेबच वर आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, टीव्हीतल्यापेक्षा बुटके. तात्या उठून उभे राहिले. मी म्हटलं, "साहेब, चूक माझी आहे."

"वायरी तुम्ही लावल्या होत्या?" त्यांनी विचारलं.

"हो."

ते खुर्चीत बसले. "आज बावड्याच्या बाजारात गेलो होतो," ते म्हणाले. "मेथी घेत होतो. भाजीवाली माझ्या तोंडाकडं बघायला लागली आणि हसायला लागली. मग म्हणाली, साहेब, डोळा बाजूलाच का ठेवायचा, वर ठेवला तर लवकर उगवंल की. ताई, मी कित्येक वर्षं हे भाषण देतोय. मला आजवर एका बाईनं प्रश्न विचारलेला नाही. विचारणार कशा, सभेला बायका येतच नाहीत. सभेला पुरुष येतात, पहिल्या रांगेत बसतात, चहा पितात आणि जातात. आणि रानात टिपरी कोण लावतं?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं.

"बायका लावतात," साहेब म्हणाले. "मी इतकी वर्षं लावणाऱ्यांना सोडून बघणाऱ्यांना शिकवत होतो. काल पहिल्यांदा लावणाऱ्यांनी ऐकलं. हसत का होईना, ऐकलं."

तात्यांनी विचारलं, "मग तुमचं काय म्हणणं हाय?"

"कॅसेट पुन्हा लावा. माझ्याच आवाजात, माझ्याच तोंडावर. पण सिनेमाच्या आधी लावा. अर्धा तास आधी. त्या वेळेला सगळ्या घरात जमलेल्या असतात ना?"

"सोळाजणी तर आमच्याच गल्लीत होत्या," मी म्हटलं.

साहेब माझ्याकडं बघून पहिल्यांदा हसले आणि म्हणाले, "मी टिपरीला काय काय बोललो ते मला कुणी नीट सांगत नाही. तुम्ही सांगा." मी सांगितलं. तात्यांसमोर, शब्द न शब्द. तात्यांचा राग कुठं गेला ते त्यांनाही कळलं नसेल.

पुढच्या रविवारी कॅसेट सरळ लागली. बायकांना आधी वाटलं आज पुन्हा तसंच होणार, म्हणून सगळ्या बसल्या. तसं झालं नाही तरी उठल्या नाहीत. सिनेमा सुरू व्हायचाच होता.

मी आत्याच्या शिलाईच्या डब्यातून नऊ रंगांचे दोरे घेतले आणि प्रत्येक चॅनेलच्या दोन्ही वायरींना आणि दोन्ही भोकांपाशी एकच रंग गुंडाळला. शिवाय स्वतःला एक नियम घातला. दर तासाला नऊ टीव्हींचा आवाज एकेक करून लावायचा आणि बघत बघत ऐकायचं. आवाज आहे का एवढंच नाही, तोंडाशी जुळतो का. काकांनीही आपला टीव्ही आरशाच्या वरून काढून आरशाच्या शेजारी आणला. मान जरा वळवली की दिसेल असा. गिऱ्हाइकांना ते फारसं पसंत नव्हतं, पण काकांनी ऐकलं नाही.

कॅसेट चालली म्हणून साहेबांनी तात्यांना गळ घातली की आता समोरासमोर कार्यक्रम करू, लोक फोनवर विचारतील, मी उत्तरं देईन. आमच्याकडं स्टुडिओ नव्हता. खोलीतच मांडणीच्या बाजूला चादर लावली, खुर्ची ठेवली, लग्नाच्या शूटिंगवाल्याचा कॅमेरा आणला. फोन उचलून बाईचा प्रश्न मोठ्यानं सांगायचं काम माझं.

पहिला प्रश्न आला, उसाच्या पानांवर पडणाऱ्या तांबेऱ्याचा. साहेब विचारात पडले. ते प्रत्येक प्रश्नाला तसे विचारात पडायचे, कारण कुणी असे प्रश्न विचारण्याची त्यांना सवय नव्हती. सात सेकंद, आठ, नऊ. आणि चिमणी वाजली. सगळ्या इंदापुरानं ऐकली. साहेब दचकले, वर बघितलं आणि उत्तर विसरले. मी हात लांबवून चिमणीची वायरच उपटली. नंतर आठवडाभर मला बायका विचारत होत्या, साहेबांनी चिमण्या पाळल्यात का.

पुढच्या वेळेपासून रविवारी तेवढा अर्धा तास मी चिमणी बंद ठेवायचे आणि साहेबांना हवा तेवढा वेळ विचार करू द्यायचे. कार्यक्रम वर्षभर चांगला चालला. बावड्यापासून इंदापूरपर्यंत जिथं आमची केबल पोचली होती तिथून फोन यायचे, आणि दहांतले सात बायकांचे. बेणं किती दिवस ठेवलं तर चालतं, सरी किती रुंद, खत आधी की पाणी आधी. काकांनी त्यांच्या वाट्याच्या जमिनीत लागण केली आणि डोळे बाजूला येतील असे लावायला ते स्वतः दोन दिवस सलून बंद ठेवून बावड्याला गेले.

एका रविवारी बावड्याहून एका बाईचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती.

"साहेबास्नी सांगा, मला सगळं पटलंय. पर आमच्या मालकास्नी सांगितलं तर ते म्हणत्यात, टीव्ही बघून शेती करायची असती का? साहेबांनी एकदा त्यांना सांगावं. नाव नगा घेऊ."

मी निरोप तसाच सांगितला. साहेब कॅमेऱ्याकडं बघून गंभीरपणे म्हणाले, "बावड्यातल्या एका मालकांना माझी विनंती आहे. या वर्षी फक्त चार सऱ्या मालकीणबाईंच्या म्हणण्याप्रमाणे लावून बघा. बाकीच्या तुमच्या म्हणण्याप्रमाणे. उगवण झाली की मला कळवा."

पाच-सहा आठवडे गेले. एका रविवारी फोन उचलला तर पुरुषाचा आवाज.

"ते बावड्याचं मालक मी," तो म्हणाला.

मी साहेबांना खूण केली. "बोला, साहेब ऐकतायत."

"त्यांस्नी सांगा, उगवलाय. चारी सऱ्या एकसारख्या उगवल्यात."

"आणि बाकीच्या?" साहेबांनी विचारायला सांगितलं.

तो आवाज खाली आणून म्हणाला, "बाकीच्या आपल्या बऱ्या हायत, तेवढ्या न्हाईत. पर हे टीव्हीवर नगा सांगू."

तोवर मी सवयीनं ते मोठ्यानं सांगून मोकळी झाले होते, आणि सगळ्या तालुक्यानं ऐकलं होतं.